नळाचं पाणी प्यावं की नाही? मुंबईकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या घेऊन मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत आणि चेंबूरच्या सोसायट्यांत जाते. लोक बाटली बाजूला ठेवून आधी प्रश्नच विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईचं पाणी चांगलं म्हणतात. मग आमच्या नळाला घाण पाणी का येतं?

भांडुपहून निघताना ते चांगलंच असतं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा अशा सात तलावांचं पाणी मुंबईला मिळतं. त्यातलं बहुतेक पाणी भांडुप संकुल आणि पांजरापूर इथे शुद्ध होतं. तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून गाळतात आणि क्लोरीन घालतात. विहारचं पाणी १८६० मध्ये शहरात आलं, तेव्हापासून ही व्यवस्था वाढत गेली आहे.

पाणी बिघडतं ते वाटेत, आणि बहुतेक वेळा शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. चावीवाला येऊन चावी फिरवतो, तेवढेच तास ते येतं. वेळ संपली की नळीतला दाब जातो. नळी गटारातून जात असेल आणि सांधा ढिला असेल, तर बाहेरचं पाणी आत झिरपतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की सगळ्यात आधी हीच घाण हंड्यात पडते.

गोवंडीतल्या एका गल्लीत मी वाकून पाहिलं होतं. उघड्या गटारात आठ-नऊ घरांच्या अर्धा इंची नळ्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. एका नळीच्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळून वर सुतळी बांधली होती. पाणी चालू होतं तोवर त्या ट्यूबमधून बारीक धार उडत होती. पाणी गेलं, धार थांबली आणि तो सांधा गटाराच्या पाण्यात बुडून राहिला. पाणी जिथून बाहेर येत होतं, तिथूनच आता आत जाणार होतं.

२. मग वर्षभर उकळायचं का? की फक्त पावसाळ्यात?

पावसाळ्यात तर नक्कीच. गटारं तुंबलेली असतात, नळ्या पाण्याखाली असतात आणि गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण तेव्हाच वाढतात. जलवाहिनीची दुरुस्ती झाली की महापालिका ‘पुढचे काही दिवस पाणी गाळून, उकळून प्यावे’ असं कळवते. ती सूचना मनावर घ्या. लाइन रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा आतला सगळा गाळ हलतो.

इतर महिन्यांत तुमची लाइन कशी आहे यावर ठरवा. नळी गटारातून येत असेल, पाणी दिवसातून तास-दोन तासच येत असेल किंवा घरात लहान मूल, गरोदर बाई वा आजारी माणूस असेल, तर वर्षभर उकळा. इमारतीची टाकी नियमित साफ होत असेल आणि चाचणी (प्रश्न १०) वारंवार चांगली येत असेल, तर उन्हाळ्या-हिवाळ्यात गाळून पिणारी बरीच कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांना मी अडवत नाही.

३. नक्की किती वेळ उकळायचं? आई वीस मिनिटं उकळते.

मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे पाणी इथे १०० अंशांना उकळतं. तळापासून खदखदून मोठे बुडबुडे आले की पुढे एक मिनिट पुरतं. जिवाणू, विषाणू आणि अमीबासारखे परजीवी तेवढ्यात मरतात. आईची वीस मिनिटं म्हणजे गॅस फुकट. कडेला बारीक बुडबुडे धरले की ‘उकळलं’ म्हणून गॅस बंद करणारेही खूप आहेत. ते चुकतं, ते फक्त गरम झालेलं पाणी.

उकळण्याआधी गाळा. उकळल्यावर त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. सगळी मेहनत वाया जाते ती इथेच. पाणी उकळतात आणि मग धुतल्या-न धुतल्या पिंपात ओततात. विजेच्या किटलीतही चालतं, फक्त पाणी खळखळून उकळल्यावरच ती बंद होते ना, हे एकदा झाकण उघडून पाहा.

उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते नव्याने दूषित होऊ शकतं. एका दिवसात संपेल एवढंच उकळा.

४. रोज उकळायला गॅस परवडत नाही. दुसरा उपाय?

क्लोरीन. हा गरिबांचा दुय्यम उपाय आहे असं समजू नका. सगळ्या शहराचं पाणी त्याच्यावरच चालतं. शिवाय उकळण्यात नसलेला एक फायदा त्यात आहे. तो पाण्यात टिकतो आणि नंतर चुकून हात बुडाला तरी काही वेळ राखण करतो.

पावसाळ्यात आरोग्यसेविका वस्त्यांत क्लोरीनच्या गोळ्या वाटतात, औषधाच्या दुकानातही त्या मिळतात. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. कुठली ५ लिटरला तर कुठली २० लिटरला लागते. म्हणून शेजारणीने सांगितलेलं प्रमाण घेऊ नका, पाकिटावर लिहिलेलं वाचा. पाणी गाळून घ्या, गोळी टाका, ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास कोणी पाळत नाही, आणि जंतू मरायला तो लागतोच.

गोळी नसेल आणि घरात ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, सुगंध न घातलेलं द्रावण असेल, तर स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब टाकून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा आणि मग ४ थेंब टाका. सुगंध घातलेलं किंवा फरशी पुसायचं द्रावण पिण्याच्या पाण्यात कधीही टाकू नका.

एक अपवाद आहे. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसाला उकळलेलंच पाणी द्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, उकळण्याने मात्र मरतो.

५. क्लोरीनचा वास येतो म्हणून मुलं पाणी पीत नाहीत. तो वास वाईट असतो का?

हलका वास म्हणजे चांगली खूण. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. वास नको असेल तर अर्धा तास झाल्यावर भांडं थोडा वेळ उघडं ठेवा किंवा एका भांड्यातून दुसऱ्या स्वच्छ भांड्यात चार-पाच वेळा ओता. माठातलं गार पाणी मुलं कुरकुर न करता पितात, हे मी पाहिलं आहे. नेहमी वास येणाऱ्या नळाचा वास अचानक गेला तर मात्र सावध व्हा. क्लोरीन वाटेत कुठल्यातरी घाणीवर खर्च होत असण्याची शक्यता असते.

६. आजी नऊवारीच्या कपड्याची चौपदरी घडी करून पाणी गाळते. त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि आजीला तसं आवर्जून सांगा. बांगलादेशातल्या गावांत यावर नीट अभ्यास झाला आहे. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळलं, तेव्हा कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कॉलराचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. कपडा जुना हवा, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

पण तो अभ्यास तळ्या-नद्यांच्या पाण्यावरचा होता. आपल्या नळात मिसळलेल्या गटाराच्या पाण्यातले सुटे जंतू आणि काविळीचे विषाणू कापडातून सहज जातात. म्हणून गाळणं ही पहिली पायरी, त्यानंतर उकळणं किंवा क्लोरीन. कपडा रोज साबणाने धुऊन कडक वाळवा. नळाच्या तोंडाला बांधून ठेवलेला, महिनोन् महिने न काढलेला तो काळपट फडका मात्र आजच काढून टाका. त्यातून गाळलेलं पाणी आधीपेक्षा वाईट होतं.

७. तुरटी फिरवली, तांब्याच्या भांड्यात ठेवलं, तर उकळायची गरज नाही ना?

तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारण्याचं काम तिचं नाही. टँकरचं किंवा पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर तुरटी जरूर फिरवा आणि वरचं नितळ पाणी काढून घेऊन पुढचा उपाय करा.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण तिथे भांडं लख्ख होतं आणि पाणी बारा-सोळा तास ठेवलेलं होतं. घरात संध्याकाळी भरलेला तांब्या रात्री जेवतानाच रिकामा होतो. उकळलेलं पाणी तांब्यात ठेवा, त्याच्या भरवशावर उकळणं सोडू नका. ताक आणि लिंबाचं सरबत त्यात ठेवू नका, तांबं सुटतं.

८. कोणता प्युरिफायर घ्यावा? सगळे आरओ घ्या म्हणतात.

महापालिकेच्या पाण्याला आरओ लागत नाही. आरओचं मुख्य काम विरघळलेले क्षार काढणं. मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत क्षार चालतात आणि आपलं तलावाचं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत नाही, यावरूनच ते कळतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने क्षार ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ वापरावर बंदी आणायला सांगितलं होतं. त्यामागचं कारण पाण्याची नासाडी. घरगुती आरओ एक लिटर पाण्यासाठी साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. पाच हंड्यांसाठी पहाटे उठणाऱ्या शहरात हे बघवत नाही.

वीज आणि नळाला बऱ्यापैकी दाब असेल तर आधी गाळणी आणि मग यूव्ही दिवा, एवढं पुरतं. यूव्ही गढूळ पाण्यात निकामी ठरतो, म्हणून गाळणी आधी. वीज भरवशाची नसेल तर वरून ओतायचे, क्लोरीनचं काडतूस असलेले फिल्टर घ्या. जुन्या स्टीलच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडलने गाळ आणि बरेच जिवाणू अडतात, विषाणू अडत नाहीत. त्या पाण्यालाही पावसाळ्यात उकळी द्या.

आरओ लागतो तो बोअरच्या खाऱ्या पाण्याला (प्रश्न १५). आणि यंत्र कोणतंही असो, काडतूस वेळेवर बदललं नाही तर सगळं व्यर्थ. बदलल्याची तारीख पेनाने यंत्रावरच लिहून ठेवा.

९. विक्रेत्याने आमच्या पाण्यात दोन सळया बुडवल्या आणि पाणी चॉकलेटी झालं. आम्ही घाबरून आरओ घेतला. फसलो का?

हो, आणि तुम्ही एकटे नाही. आमच्या आईनेही असंच भर दुपारी एकाचं ऐकून पैसे मोजले होते आणि मी घरी येईपर्यंत यंत्र भिंतीवर चढलेलं होतं. त्या सळयांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच विरघळून गंजाचा चोथा तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही चॉकलेटी होईल.

टीडीएसचं पेनही असंच. ते क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा आकडा १२० येऊ शकतो आणि उत्तम विहिरीचा ४००.

यंत्र घेतलंच आहे तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा. लादी, भांडी, संडास यांना ते चालतं.

१०. घरच्या घरी पाणी कसं तपासायचं?

एचटूएस चाचणीची बाटली मिळते. पाणी तपासणीचं साहित्य विकणाऱ्यांकडे विचारा. स्वस्त असते आणि समजायला सोपी. हात धुऊन, नळ उघडून थोडं पाणी सोडा, बाटली खुणेपर्यंत भरा, झाकण लावा आणि फळीवर ठेवून द्या. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतून येणारे जंतू त्यात असण्याचा दाट संशय. एका घरी ही बाटली देवघराच्या फळीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताना ती शाईसारखी काळी दिसली आणि त्या घरातल्या सासूबाईंनी कोणी न सांगता पातेलं गॅसवर चढवलं.

एकाच वेळी दोन बाटल्या भरा. एक महापालिकेच्या लाइनवरच्या थेट नळाची, टाकीत जाण्याआधीची. दुसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. पहिली स्वच्छ आणि दुसरी काळी, तर दोष तुमच्या टाकीत (प्रश्न १३). दोन्ही काळ्या, तर दोष लाइनमध्ये (प्रश्न १९). एवढं एक केलं की सोसायटीच्या सभेतला अर्धा वाद मिटतो.

बाटली स्वच्छ राहिली म्हणजे आयुष्यभराची हमी नाही. ती त्या दिवसाच्या पाण्याची गोष्ट. पावसाळ्यात दोन-तीनदा करा. सविस्तर तपासणी प्रयोगशाळेतच होते. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये, असा निकष आहे.

११. पाणी कधी दुधासारखं, कधी तांबूस येतं. प्यावं का?

दुधासारखं पाणी काचेच्या पेल्यात धरा. तळाकडून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा. तांबूस पाणी जुन्या लोखंडी नळीचा गंज असतो. विषारी नसलं तरी ते स्वच्छ होईपर्यंत सोडून द्या आणि सोडलेलं बादलीत धरून मोरीला वापरा. काळपट, वास येणारं किंवा तंतू-गाळ असलेलं पाणी मात्र उकळून पिण्याच्याही लायकीचं नाही. ते भरू नका, तक्रार करा.

रोज पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पिण्यासाठी भरूच नका. धुण्याची पिंपं आधी भरा, पिण्याचा हंडा सर्वांत शेवटी. कसलाही खर्च नसलेला हा उपाय मला सगळ्यात आवडतो.

१२. दाब कमी म्हणून सगळे नळीला थेट पंप लावतात. आम्ही लावला तर काय बिघडतं?

पंप पाण्यासोबत प्रत्येक ढिल्या सांध्यातून गटारही ओढतो. तुमच्याच घरात नव्हे, पूर्ण गल्लीत. लाइनला थेट पंप लावणं बेकायदेशीरही आहे. गल्लीने मिळून एक जमिनीवरची टाकी भरून घ्यावी आणि पंप टाकीला लावावा. हे एकट्याने जमत नाही हे मला कळतं. पण जिथे चार घरांनी मिळून केलं, तिथे पाण्याचा रंग बदललेला मी पाहिला आहे.

१३. आमच्या सोसायटीची टाकी दोन वर्षं साफ झाली नाही. किती वेळा करावी आणि कशी?

दर सहा महिन्यांनी, त्यातली एक वेळ पावसाळ्याआधी. गच्चीवरच्या टाकीपेक्षा जमिनीखालच्या टाकीकडे जास्त लक्ष द्या. आमच्याच इमारतीत ती पार्किंगमध्ये आहे. झाकणाला बोटभर चीर होती आणि तिथेच रोज सकाळी गाड्या धुतल्या जायच्या. चार वर्षं आम्ही ते पाणी प्यायलो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. झाकण जमिनीपासून वीतभर उंच आणि घट्ट बसणारं हवं, हवेच्या नळीला जाळी हवी.

साफ करताना टाकी रिकामी करून भिंती घासा आणि गाळ काढा. मग टाकी भरून ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला १५० ग्रॅम या प्रमाणात टाका आणि रात्रभर ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही, सगळ्यांना आधी सांगा आणि नळांवर चिठ्ठ्या लावा. सकाळी सगळं सोडून द्या, एकदा साध्या पाण्याने धुवा आणि मग भरा. नेहमीसाठी १००० लिटरला ५ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. जुनी, ओलसर झालेली पावडर निकामी असते.

बंद टाकीत माणूस एकटा कधीही उतरवू नका. झाकणं आधी बराच वेळ उघडी ठेवा आणि वर एक माणूस उभा ठेवा. टाकीत गुदमरून जीव गेलेत.

१४. तळमजल्यावर पुराचं पाणी शिरलं. टाकीतलं पाणी वरून स्वच्छ दिसतंय. वापरावं का?

नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या वेळी अनेक इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत गटाराचं पाणी गेलं. पाणी ओसरल्यावर गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ दिसतं, म्हणूनच लोक फसतात. पूर टाकीच्या झाकणापर्यंत आला असेल तर पूर्ण टाकी रिकामी करा आणि प्रश्न १३ प्रमाणे साफ करा. तोवर पंप बंद ठेवा, नाहीतर वरची टाकीही जाते.

१५. टँकरचं किंवा बोअरचं पाणी पिता येतं का?

टँकरवाल्याला एकच विचारा, पाणी कुठून भरलं? मुंबईत खासगी टँकर बहुतेक विहिरी आणि बोअरवर भरतात. ते पाणी धुण्या-भांड्याला ठीक. पिण्यासाठी ते गाळून, क्लोरीन घालून आणि उकळूनच, तेही दुसरं काही नसेल तर.

समुद्राकाठच्या बोअरला खारेपणा असतो. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून ते वाढतात. असं पाणी रोज प्यायचं असेल तरच आरओला अर्थ आहे. चव गोड असणं ही शुद्धतेची खूण नाही. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर समुद्र जवळ असूनही गोड्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण गोडेपणाने जंतू कळत नाहीत.

महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडू नका. अनेक सोसायट्या करतात आणि चांगलं पाणी वाया घालवतात.

१६. दुकानात येणारा २० लिटरचा जार सुरक्षित असतो का?

झाकणावर न फाटलेलं सील, त्यावर कंपनीचं नाव, भरल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल तरच. थंडगार जार सकाळी टेम्पोतून येतो, झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं, नाव ना तारीख, ते कोणीतरी कुठल्यातरी नळावर भरलेलं पाणी. लग्नात, दुकानात सर्रास चालतं. प्रवासातल्या बाटलीचंही तेच, झाकण फिरवताना सीलचा कट आवाज यायला हवा. रिकामी बाटली चुरगाळून टाका म्हणजे ती पुन्हा भरली जाणार नाही.

१७. पाणीपुरी, गोळा, उसाचा रस?

मे महिन्यात मुलांना नाही म्हणणं कठीण, मला माहीत आहे. पण बर्फ म्हणजे न उकळलेलं पाणीच, गोठल्याने जंतू मरत नाहीत. २०१८ पासून राज्यात अखाद्य बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. गाडीवर निळसर लादी दिसली तर तो बर्फ मासे-भाजी गार ठेवायचा आहे, पोटात घालायचा नाही. रस बिनबर्फाचा घ्या. पावसाळ्यात पाणीपुरीचं पाणी घरीच उकळलेल्या पाण्याचं करा. घरातलीही कोशिंबीर, चटणी आणि दात घासायचं पाणी विसरू नका. भात, आमटी आणि चहाला वेगळं उकळलेलं पाणी लागत नाही, ते शिजतानाच उकळतं.

१८. बाळाला, गरोदर बाईला काय काळजी घ्यावी? आणि घरात कावीळ झाली तर?

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. पाणी नको, घुटी नको, उन्हाळ्यातही नको. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर पाणीही उकळलेलं आणि बाटलीही उकळलेली.

दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणी ठरू शकते. अशा घरात वर्षभर उकळलेलंच पाणी, यात मी तडजोड सांगत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गावठी औषधात दिवस घालवू नका.

काविळीचा विषाणू शरीरात गेल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी आजार दिसतो, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणून ‘परवापासून उकळतोय तरी कावीळ झाली’ यात उकळण्याचा दोष नाही, ते पाणी महिन्यापूर्वीचं. दोन-तीन घरांत एकाच वेळी कावीळ दिसली तर महिन्यापूर्वी लाइन कुठे खोदली होती ते आठवा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पाणी शुद्ध करूनही घरातली माणसं आजारी पडत असतील तर भांड्याकडे पाहा. पेला थेट हंड्यात बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं वापरा, ते टांगून ठेवा, जमिनीवर नको. तोटी असलेलं झाकणाचं भांडं सगळ्यात उत्तम, कारण त्यात हातच जात नाही.

१९. दूषित पाण्याची तक्रार कुठे करायची? आमची झोपडी अधिकृत नाही, तरी करता येते का?

१९१६ या क्रमांकावर, आणि सोबत वॉर्ड ऑफिसमधल्या जलकामे विभागाच्या सहायक अभियंत्याकडे लेखी. तक्रार क्रमांक घ्या. किती घरांना, कोणत्या दिवसापासून, पाणी आल्यापासून किती मिनिटं घाण येते, हे लिहा. एका घराच्या तक्रारीपेक्षा एकाच लाइनवरच्या दहा घरांच्या सह्या जास्त चालतात, कारण त्यावरून गळती कोणत्या टप्प्यात आहे हे अभियंत्यालाही कळतं.

झोपडी अधिकृत नसली तरी करता येते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २००० नंतरच्या झोपडीधारकांनाही पाणी देण्याची व्यवस्था करायला महापालिकेला सांगितलं. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. जोडणी नसेल तर त्याखाली अर्ज करा. रीतसर जोडणी मिळाली की गटारातून लपवून आणलेल्या नळीची गरज राहत नाही.

२०. पाण्याला रॉकेल-डिझेलसारखा वास येतोय. उकळून चालेल का?

मुळीच नाही. तेल आणि रसायनं उकळून, गाळून, क्लोरीनने जात नाहीत. ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका. टाकीत गेलं असेल तर पंप बंद करा आणि लगेच १९१६ ला फोन करा.

२१. तक्रारीनंतर माणूस आला, नळ उघडला, ‘पाणी तर स्वच्छ आहे’ म्हणून निघून गेला. आता काय?

तो दुपारी आला होता का? तुमची घाण पहाटे साडेपाचला पहिल्या दहा मिनिटांत येते, दुपारी टाकीतलं पाणी पाहून काय कळणार? पुन्हा तक्रार करताना ‘नमुना पाणी येण्याच्या वेळेला घ्यावा’ हे शब्द लिहा. तोवर रोज पहिल्या पाण्याची एक पारदर्शक बाटली भरून ठेवा आणि वर तारीख-वेळ लिहा. दर पाच मिनिटांनी एकेक अशा तीन बाटल्या भरल्या तर आणखी बरं. पहिली काळी, दुसरी मळकट, तिसरी नितळ अशा ओळीने ठेवल्या की वाद घालावा लागत नाही. मानखुर्दच्या एका चाळीने आठवडाभराच्या एकवीस बाटल्या वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर नेऊन मांडल्या. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणला गेला आणि गटाराखालचा सडलेला सांधा सापडला.